मोठ्या बाबांचे कान

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. आधी काही वर्षं गप्प राहून टाळली, मग त्याहून जास्त वर्षं ती खोटी सांगून टाळली. आता तर ती घरात सगळ्यांना पाठ आहे. लहान मूल जेवेनासं झालं की त्याची आई सांगते, आपल्या घरात एक मोठे आजोबा होते, रेल्वेच्या रुळांवर काम करायचे. त्यांचा एक कुत्रा होता. तो एके दिवशी एका कुत्रीच्या मागे शिवनाथ नदीकडे गेला आणि तिकडेच संसार मांडून राहिला. मूल हसतं, घास पोटात जातो. त्यातली ती नदी आणि ती कुत्री मी घातलेल्या आहेत. खरं त्यात काही नाही.

मागच्या महिन्यात नातीचा फोन आला. ती पुण्याला नोकरी करते. रस्त्याच्या कडेला थंडीने कुडकुडणारं पिल्लू तिने उचलून घरी आणलं होतं.

"आजोबा, त्या मोठ्या आजोबांच्या कुत्र्याचं नाव काय होतं हो? तेच ठेवते ह्याचं."

"त्याला नाव नव्हतं," मी म्हणालो.

"असं कसं? सांगा ना. आई म्हणते, तुम्ही कुत्र्यांजवळ जात नाही कारण तुम्हाला अजून त्याचं वाईट वाटतं."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. माझी ऐंशी उलटून गेली आहेत. ज्यांना माझा राग यायला हवा होता, त्यांतलं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहितो आहे. यात धैर्य वगैरे काही नाही, हे मला ठाऊक आहे.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या भंडाऱ्याच्या बाजूला थोरल्या काकांना मोठे बाबा आणि काकूला मोठी आई म्हणतात. त्यांना मूलबाळ नव्हतं. शेती भावांवर सोडून ते तरुणपणीच रेल्वेत लागले होते, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये. पुढे ते चाबीवाले झाले. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी जागच्या जागी धरलेले असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्यांनी ढिल्या होतात. रोज सकाळी आपल्या वाटणीच्या लाइनीवर पायी जायचं, एकेक चावी बघायची, ढिली असली तर हातोड्याने ठोकायची, हे त्यांचं काम. खांद्यावर हातोडा, बगलेत लाल-हिरवी झेंडी, कमरेला फडक्यात बांधलेली भाकर. दुर्गच्या अलीकडे लाइनीला लागून त्यांचं क्वार्टर होतं. एक खोली, एक पडवी आणि पडवीतून हात लांब केला तर गाडीला लागेल की काय असं वाटणारा रूळ.

भिलाईला कारखाना बांधणं सुरू झालं तेव्हा त्यांनीच मला गावाहून बोलावून घेतलं. "इथं बाहेरचे लोक येऊन कामाले लागून राहिले, अन् आपला पोट्टा तिकडे ढेकळं फोडून राहिला," असा निरोप त्यांनी वडिलांना धाडला होता. मी आलो आणि शिकाऊ फिटर म्हणून लागलो. नोकरी कच्ची होती. साहेबाच्या मनात आलं तर उद्या येऊ नको म्हणाला असता. राहायला होतो मोठ्या बाबांकडे.

त्या दिवसांत भिलाईत जमीन दिसत नव्हती, नुसती लाल धूळ दिसायची. आणि कारखान्यासाठी गावं उठत होती. लोकांनी छपरांवरचे कवेलू उतरवले, दारं चौकटीसकट काढली, आढ्याच्या म्याली आणि खांब बैलगाड्यांवर रचले आणि ते गेले. कुत्रे गाड्यांच्या मागे थोडे दूर जायचे आणि परत फिरायचे. माणसं दार घेऊन गेली होती, पण कुत्र्यांना ते कोण सांगणार? जिथे दार असायचं तिथेच ते बसून राहायचे. पडक्या भिंतींमधून असे किती तरी कुत्रे बसलेले मी पाहिले आहेत. भुंकायचेही नाहीत. येणाऱ्याकडे बघायचे आणि आपला माणूस नाही हे कळलं की मान खाली घालायचे.

असं एक उठलेलं गाव मोठ्या बाबांच्या लाइनीवर होतं. तिथे एका घराचा फक्त ओटा उरला होता, आणि ओट्यावर एक पिवळट रंगाचा, एक कान मुडपलेला कुत्रा. मोठे बाबा रोज तिथे थांबायचे, फडकं सोडायचे, भाकरीचा पहिला तुकडा ओट्यावर ठेवायचे आणि मग स्वतः खायचे. कुत्र्याला हात लावायचे नाहीत, बोलवायचे नाहीत. पावसाळा संपता संपता तो ओटा सोडून त्यांच्या मागे चालायला लागला, आणि एके दिवशी घरीच आला.

घरीसुद्धा पहिला घास त्याचाच. मोठी आई चुलीपुढून टोमणा मारायची, "आधी कुत्रा, मंग नवरा. माया नंबर कोणता म्हणाव?"

"तू रांधणारी. तुया नंबर त्याच्याबी पुढं. चाखून पाह्यतच असशीन ना?"

"हो व माय! चाखून चाखूनच तर एवढी जाड झाली मी," म्हणून ती आपला काटकुळा हात पुढे करायची. मोठे बाबा हसायचे. हसायचे ते तिचा चेहरा बघून. शब्द त्यांच्यापर्यंत कितपत पोचत होते, हे मला नंतर कळलं.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर लाइनीवर गेलो होतो. मागे राहिलो होतो, चप्पल तुटली म्हणून. मी हाका मारल्या. ते थांबले नाहीत. कुत्रा थांबला, त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी आणखी मोठ्याने ओरडलो. मोठे बाबा वाकून चावी ठोकत होते, ठोकतच राहिले. तेवढ्यात कुत्रा रुळावरून खाली उतरला आणि बाजूच्या खडीवर, गिट्टीवर जाऊन बसला, तोंड दुर्गच्या दिशेला करून. मोठ्या बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, हातोडा उचलला आणि तेही खाली उतरले. मी तोवर काही ऐकलं नव्हतं. बऱ्याच वेळाने वळणावर मालगाडीचं तोंड दिसलं.

गाडी गेल्यावर मी त्यांच्या अगदी जवळ जाऊन विचारलं. ते बाभळीखाली बसले, तंबाखू मळली.

"हातोडा ठोकून ठोकून कान गेले गा," ते म्हणाले. "घरात जवळून बोललं तर समजते. इथं वारा असला का काहीच नाही. सायबाले मालूम पडलं तर लाइनवरून काढतीन. मंग क्वार्टरबी गेलं. मोठ्या आईले सांगशीन नको. ते म्हणते, तुमी आयकून न आयकल्यासारखं करता. म्हणू दे."

"अन् गाडी आली तर?"

"तो आहे ना." त्यांनी कुत्र्याकडे हनुवटी केली. "तो उतरला का आपण उतराचं. आजवर एकदाबी चुकला नाही. चाल गा दोस्ता."

त्याला ते एवढंच म्हणायचे. 'चाल गा.' नाव ठेवलं नाही, कारण त्याच्या पहिल्या माणसांनी काही तरी ठेवलं असेल, ते आपल्याला माहीत नाही, मग त्यावर दुसरं कशाला चढवायचं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे मला माहीत होतं. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवावं. तो कुत्रा काय आहे, कशासाठी आहे, तो नसला तर काय होईल, हे त्या घरात मोठ्या बाबांशिवाय फक्त मला माहीत होतं.

आम्ही ज्या भागात काम करायचो तिथे कोळसा वाहून नेणारे कन्व्हेयर बसत होते. त्यांच्या जाड काळ्या रबरी पट्ट्यांचे कापलेले तुकडे खाली पडलेले असायचे. ते तुकडे शर्टाच्या आत, कमरेला गुंडाळून बाहेर न्यायचे आणि सुपेल्याच्या बाजारातल्या मोच्याकडून त्याचे चपलांचे तळ करून घ्यायचे, हे आम्ही सगळेच करत होतो. गेटवरचे लोकही बघून न बघितल्यासारखं करायचे, कारण त्यांच्या पायातही त्याच चपला होत्या. दोन दोन पावसाळे झिजायच्या नाहीत. मी माझ्या चपला केल्या, आणि उरलेल्या लांब तुकड्याचा मोच्याकडून कुत्र्याच्या गळ्याचा पट्टा करून घेतला. पितळी बक्कल लावलं.

मोठे बाबा इतके खूश झाले की मी आणखी काही केलं असतं तर तेही त्यांना कमीच वाटलं असतं. "पाह्य व, आता हा सायबाचा पट्टेवाला झाला," ते मोठ्या आईला म्हणाले. "सलाम ठोक याले."

"याले काय सलाम? ज्यानं पट्टा आणला त्याले ठोका," मोठी आई म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला. त्या पडवीत त्या दिवशी मी किती मोठा झालो होतो, ते अजून आठवतं.

मग कुठून तरी कन्व्हेयरच्या नव्या पट्ट्याचा मोठा तुकडाच चोरीला गेला. बाजारात विकण्यासाठी कोणी तरी कापून नेला असणार. त्यानंतर सगळंच बदललं. गेटवर एक नवा जमादार आला. तो डबे उघडून बघे, चपला उलट्या करून बघे. आमच्यातल्या एकाला चपलेच्या तळामुळे कामावरून काढलं. मी माझ्या चपला त्याच दिवशी उठलेल्या गावाच्या तळ्यात फेकल्या. घरी आलो तर कुत्रा पडवीत बसलेला, गळ्यात काळा चकचकीत पट्टा. तो मोठ्या बाबांबरोबर रोज कारखान्यात वळणाऱ्या रुळांच्या, सायडिंगच्या जवळून जायचा. तिथे पहारा असायचा. चाबीवाल्याचा पुतण्या कुठे कामाला आहे, हे कोणालाही विचारून कळलं असतं.

संध्याकाळी मोठे बाबा विहिरीवर गेल्याचं बघून मी बक्कल सोडलं. कुत्र्याने मान वर करून दिली. त्याला वाटलं खाजवतो आहे. पट्टाही तळ्यात गेला.

मोठ्या बाबांना सांगितलं, बक्कल तुटलं, मोच्याकडे टाकला आहे. मनात होतं की बाजाराच्या दिवशी दुर्गहून चामड्याचा आणू. बाजाराच्या दिवशी मी दुर्गला गेलोही. पण बरोबरच्या पोरांनी सिनेमाला ओढलं. सुटून बाहेर आलो तोवर चामड्याचं दुकान बंद झालं होतं. पुढच्या वेळी, म्हटलं.

त्याच सुमारास मजुरांच्या कॅम्पमध्ये एका माणसाला कुत्रा चावला आणि तो माणूस पिसाळून मेला. उठलेल्या गावांचे कुत्रे तोवर टोळ्या करून कॅम्पभोवती फिरायला लागले होते, उकिरडे धुंडायला. तिथल्या एका कंत्राटदाराने दवंडी पिटवली. ज्याच्या गळ्यात पट्टा नाही, ते कुत्रं बेवारस समजून उचललं जाईल.

दवंडी आमच्या क्वार्टरपर्यंत आली. मोठ्या आईने ती मोठ्या बाबांच्या कानाशी जाऊन सांगितली.

"मंग आपल्याले काय भेव?" ते म्हणाले. "आपला तर पट्टेवाला. का गा, आणला का मोच्याकडून?"

"उद्या आणतो."

"सुतळी बांध ना तवरीक," मोठी आई म्हणाली.

"सुतळीले काय पट्टा म्हणते का कोणी," मी म्हणालो. मी असं का म्हणालो, ते मला सांगता येत नाही. बहुतेक सुतळी बांधली तर पट्टा कुठे गेला असं कोणी विचारेल, अशी भीती होती. बहुतेक नुसता कंटाळा होता.

मोठ्या बाबांच्या सुटीच्या दिवशी कुत्र्याला घरी करमायचं नाही. चालायची सवय. तेव्हा तो माझ्याबरोबर निघायचा, गेटच्या अलीकडच्या, सायडिंगवरच्या रेल्वे फाटकापर्यंत यायचा आणि तिथून एकटा परत जायचा. दुसऱ्या दिवशी नेमकी त्यांची सुटी होती. मी त्याला हाकललं नाही. हाकलून ऐकलं नसतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं आहे.

फाटकाशी गाडी उभी होती. जाळीचा ट्रक. कॅम्पचे दोघे दोरीचे फास घेऊन उभे होते, आणि शेजारी जमादार, गेटकडे जाणाऱ्या ओळीतल्या लोकांच्या चपला बघत. मी मागे वळेपर्यंत फास पडला होता. कुत्रा ओरडला नाही. त्याला उचलून आत टाकलं तेव्हा तो इतर कुत्र्यांमधून वाट काढत जाळीपाशी आला आणि माझ्याकडे बघून शेपटी हलवायला लागला.

जमादाराने ते पाहिलं.

"क्यों रे, तेरा है क्या?"

तो जाळीजवळ गेला.

"चाबीवाले के साथ एक घूमता था, गले में बेल्ट का पट्टा डाल के. वही तो नहीं ये?"

"नहीं साहब," मी म्हणालो. "ये तो गाँव का है. छूटा हुआ."

"तो फिर पूँछ काहे को हिला रहा तेरे को देख के?"

"रोटी डाली थी एक बार."

ओळीतले लोक हसले. जमादारही हसला. "जा," म्हणाला.

तेवढ्यात सायडिंगवरून डबे ढकलत इंजिन येऊ लागलं. ट्रकमधले बाकीचे कुत्रे भुंकत होते. हा उठला, जाळीच्या कडेला गेला आणि खाली उतरायला जागा शोधू लागला. पुढचा पाय जाळीतून बाहेर काढला. मग माझ्याकडे पाहिलं. मी रुळाच्या अगदी जवळ उभा होतो. मी का उतरत नाही, हे त्याला कळत नव्हतं.

ट्रक गेला. मी आत कामावर गेलो. पकडलेले कुत्रे संध्याकाळपर्यंत विटभट्टीच्या मागे ठेवतात आणि मग मारतात, असं जेवणाच्या सुटीत कोणी तरी बोललं. विटभट्टी काही फार दूर नव्हती. मी गेलो नाही. माझ्यापुढे डबा होता. मी तो संपवला.

घरी आलो तेव्हा मोठे बाबा दारातच बसले होते.

"तो नाही आला तुयासंगं?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो. आधी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. "एका कुत्रीच्या मागं गेला. नदीकडे. शिवनाथकडे."

ते हसले. मांडीवर थाप मारून हसले. "जवान आहे गा. आपणच म्हातारे. येईन दोन-चार रोजांत, तोंड वाकडं करून." आणि आत ओरडून म्हणाले, "आयकलं का व, तुया पोट्ट्याचं लगन लागलं!"

मोठी आई हसली नाही. ती दारात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. "मोच्याकडून पट्टा आणला का तू?"

"मोची गावाले गेला."

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर माझ्या ताटात ती पूर्वीसारखाच भात वाढायची, पण वाढताना माझ्याकडे बघायची नाही.

मोठे बाबा वाट बघत राहिले. रोज त्या ओट्यापाशी थांबून पहिला तुकडा ठेवत राहिले. सुटीच्या दिवशी शिवनाथवर जायचे. काठाकाठाने चालायचे, नाव वल्हवणाऱ्या केवटांना विचारायचे. एक कान मुडपलेला, गळ्यात काळा पट्टा. पट्टा ते प्रत्येकाला आवर्जून सांगायचे. पट्टा असल्यावर कोणी मारणार नाही, याचा त्यांना मोठा धीर होता. कधी एखादा केवट म्हणायचा, हो, पाहिला वाटतं, पलीकडच्या काठाला. मग ते घरी येऊन ते मला सांगायचे, आणि मी मान हलवायचो.

लाइनीवर आता ते दर चार पावलांना मागे वळून बघायचे. मी एकदा पाहिलं आणि परत त्यांच्याबरोबर गेलो नाही. मी त्यांच्यासोबत चालू शकत होतो का? कामाच्या दिवशी नाही. पण मला सांगता आलं असतं, मोठ्या आईला, गँगच्या मुकादमाला, कोणालाही. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, म्हणून मी सांगितलं नाही. त्यांचा एवढाच एक शब्द मी पाळला.

थंडीत ते झालं. इंजिन मागे लावून गिट्टीचे डबे पुढे ढकलत होते. पुढच्या डब्याला शिट्टी कुठली? डब्याचा कोपरा खांद्याला लागला. ते उतारावरून खाली घरंगळले, म्हणून वाचले. हात कायमचा वाकडा झाला. दवाखान्यात डॉक्टरने मागे उभं राहून टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मोठे बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी खोलीत होतो. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, आणि मी जमिनीकडे.

कान गेलेल्या माणसाला लाइनीवर ठेवत नाहीत. ते बरोबरच आहे. क्वार्टर सोडावं लागलं. तोवर माझी नोकरी पक्की झाली होती. अशी नोकरी, की जिच्यासाठी मी एक कुत्रा ओळखला नाही. मला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, माझं लग्न झालं, आणि मोठे बाबा, मोठी आई माझ्याकडे राहायला आले. लोक म्हणायचे, पुतण्या असावा तर असा. माझी बायको ती जाईपर्यंत अभिमानाने सांगायची.

मोठी आई फार दिवस जगली नाही. शेवटी शेवटी ती बायकोला एकदा म्हणाली, "एक कुत्रा काय गेला, माया माणूसच गेला." मी शेजारच्या खोलीत होतो. ती मला ऐकू जावं म्हणून बोलली की सहज बोलली, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मोठे बाबा मात्र आमच्या क्वार्टरच्या पायरीवर बसायला लागले, आणि सेक्टरभरचे कुत्रे तिथे जमायला लागले. कोणाची लूत, कोणाचा मोडका पाय. वाकड्या हाताने ते सगळ्यांचं बघायचे. माझी मुलगी चालायला शिकली ती त्यातल्याच एका कुत्रीची पाठ धरून. पहिला घास कुत्र्याचा, हे तिने त्यांच्याकडून घेतलं, तिच्याकडून तिच्या मुलीने. रस्ता ओलांडताना आमच्याकडे अजून म्हणतात, कुत्रा उतरला का आपण उतराचं. म्हणतात आणि हसतात. घरात कुत्रा नाही असं माझ्या एकाही लेकराचं घर नाही. हे सगळं त्यांनी दिलं, आणि ज्याने त्यांचा कुत्रा घालवला त्याच्याच अंगणात बसून दिलं.

सांगायचं मी कितीदा ठरवलं. पण आता त्यांना अगदी कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीपुरतं सोडलं तर. म्हणजे जे सांगायचं ते ओरडून सांगायचं. क्वार्टरच्या भिंती अशा, की एकाने फोडणी दिली तर शेजारी शिंका येत. बायको, मुलगी, शेजारी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला ते म्हणता येईना. जेवायला चला, औषध घ्या, हे मी रोज ओरडत होतो. तेवढं एकच वाक्य ओरडता येत नव्हतं.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून शिवनाथवर नेलं. तिथे ओरडायला कोणाची हरकत नव्हती. घरून वाक्य पाठ करून निघालो होतो. नदी आटलेली होती, वाळू वर आली होती. दूर एक केवट जाळं वाळवत होता. मोठे बाबा काठावर उभे राहिले आणि पलीकडे बघत राहिले. मी त्यांच्या कानाशी वाकलो. तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

"इथंच पाह्यला होता ना तू त्याले? कोणत्या अंगानं गेला?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. मी हात वर केला आणि पलीकडचा काठ दाखवला.

"तिकडे माणसं चांगली आहेत," ते म्हणाले. "खाऊ घालत असतीन."

परत येताना वाऱ्याच्या उलट जायचं होतं. ते मागे बसले होते, चांगल्या हाताने माझा शर्ट धरून. सुपेल्याच्या अलीकडे, रस्ता जिथे लाइनीला लागून जातो तिथे, मी पुढे बघत, माझ्या रोजच्या आवाजात सगळं सांगितलं. तळं, पट्टा, जमादार, जाळी, विटभट्टी. मला धाप लागत होती, पाठ हलत होती. शेवटी म्हणालो, "मोठे बाबा, तो नदीकडे गेलाच नव्हता. मले माफ करा."

मागून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"थकला का गा?" ते म्हणाले. "उतरू का मी?"